निकालाच्या प्रतीविना अपील

(वर्सोवा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणातील काही भाग)

17 जुलै 2019 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात 15 विरुद्ध 1 मतांनी भारताच्या बाजूने कौल दिला. आपल्या सगळ्यांना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. पण मित्रहो, त्या न्यायालयाने जाधवांचं अपील ऐकलं नव्हतं. तिथे दोन राष्ट्रं उभी होती, आरोपी नव्हता. शिक्षा रद्द करून त्यांची सुटका करावी, ही भारताची मागणी मान्य झाली नाही. आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटण्याचा व्हिएन्ना करारातला हक्क पाकिस्तानने डावलला, म्हणून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा तो आदेश होता.

फेरविचार परिणामकारक व्हायचा तर काय लागतं, हे एप्रिल 2017 मध्येच दिसलं होतं. लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली आणि त्याच महिन्यात जाधवांच्या आईच्या वतीने भारताने पाकिस्तानकडे अपील सोपवलं. आरोपपत्राची प्रत नाही, पुराव्यांचा गोषवारा नाही, निकालपत्रही नाही. ज्या निकालाविरुद्ध अपील करायचं, तोच वाचायला मिळालेला नाही! आपल्या तालुक्याच्या कोर्टातला नवखा वकीलसुद्धा आधी निकालाची प्रमाणित नक्कल मागतो. त्याच वर्षी डिसेंबरात आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या, तर मध्ये काच होती आणि आईला मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं. ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

आंतरराष्ट्रीय खटल्यांतही अपील पहिल्यापासून होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला ते नव्हतंच. सनदेनुसार निकाल अंतिम. शिक्षा कमी करण्याचा अधिकार फक्त विजेत्या राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेला. टोकियोत तो जनरल मॅकार्थर यांच्या हाती होता. जगाने ही चूक सुधारली. युगोस्लाव्हियासाठी 1993 मध्ये न्यायाधिकरण आलं, ते अपील पीठासह. रोम कराराने कायमचं फौजदारी न्यायालय उभं केलं आणि कायद्याची चूक, तथ्याची चूक, कार्यपद्धतीची चूक, अशी अपिलाची कारणं लिहून ठेवली. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष बेंबा यांना 2016 मध्ये 18 वर्षांची शिक्षा झाली. 2018 मध्ये पाच न्यायाधीशांच्या अपील पीठाने ती 3 विरुद्ध 2 मतांनी उलटवली. या निकालावर टीकाही खूप झाली, पण खालच्या पीठाचं काय चुकलं ते कारणांसह लिहिलं गेलं, आणि ते कोणालाही वाचता येतं.

आता आपल्या शहरात या. 26 नोव्हेंबरचा हल्ला आपण सोसला. कसाबला मे 2010 मध्ये फाशी सुनावली गेली. फेब्रुवारी 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने. तिथे राजू रामचंद्रन यांच्यासारख्या ज्येष्ठ वकिलांनी न्यायालयाच्या विनंतीवरून त्याची बाजू मांडली. याच खटल्यातल्या दोन भारतीय आरोपींची सुटका तिन्ही पायऱ्यांवर टिकली. त्या काळात 'याला वकील कशाला?' असं अनेकांनी विचारलं. मला मात्र मुंबईकर म्हणून त्या निकालपत्रांचा अभिमान वाटतो.

आता पुन्हा जाधवांकडे येऊ. हेगच्या आदेशानंतर पाकिस्तानने 2021 मध्ये फेरविचाराचा कायदा केला. त्यानुसार दाद उच्च न्यायालयात मागता येते. पण जाधवांचा वकील भारतातला असावा, ही आपली मागणी पाकिस्तानने नाकारली. म्हणून हेगचा निकाल वाचताना 15 विरुद्ध 1 हा आकडा बाजूला ठेवा. निकालाची प्रत मिळाली का, आणि वकील कोणी निवडला, एवढंच विचारा.