विश्वासाचे शास्त्र : प्रा. सुमंत्र घोषाल यांचे जीवन व संशोधन

(देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



देवळाच्या सभामंडपात व्यवस्थापनशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे चरित्र सांगितले जावे, हे काहींना वेगळे वाटेल. परंतु देवस्थानचा कारभार वाहणाऱ्यांना हा विषय परका नाही. उत्सवाची वर्गणी, मानाच्या पाळ्या, जमाखर्चाच्या वह्या, सेवेकरी आणि देशोदेशी विखुरलेले कुळावी यांना एका सूत्रात बांधणे, हे व्यवस्थापनच होय. माणसे एकत्र येऊन मनापासून काम का करतात आणि कशामुळे दुरावतात, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या प्रा. सुमंत्र घोषाल यांचा परिचय येथे अप्रस्तुत ठरू नये.

घोषाल यांचा जन्म 1948 साली कलकत्त्यास झाला. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते इंडियन ऑइल कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाले व तेथे अधिकारपदापर्यंत चढले. 1981 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेस गेले. स्थिर नोकरीत संसार मांडलेल्या गृहस्थाने पुन्हा विद्यार्थी होणे, हे धाडस लहान नव्हे. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की त्यांनी एम.आय.टी. व हार्वर्ड अशा दोन विद्यापीठांत एकाच सुमारास दोन निरनिराळ्या विषयांवर प्रबंध लिहिले आणि 1985 व 1986 या लागोपाठच्या वर्षी दोन्ही ठिकाणची डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर फ्रान्समधील फाँतेनब्लो येथील इन्सेआद या संस्थेत आणि 1994 पासून लंडन बिझनेस स्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले.

त्यांच्या कीर्तीचा पाया म्हणजे ख्रिस्तोफर बार्टलेट यांच्यासह लिहिलेला 'मॅनेजिंग अक्रॉस बॉर्डर्स' हा 1989 सालचा ग्रंथ. अमेरिका, युरोप व जपान येथील नऊ मोठ्या कंपन्यांचा अभ्यास त्यात आहे. नेदरलंड्सच्या फिलिप्स कंपनीच्या देशोदेशीच्या शाखा इतक्या स्वतंत्र होत्या, की तिच्या अमेरिकेतील शाखेने स्वतःच्या कंपनीचा व्हिडिओ रेकॉर्डर विकण्याचे नाकारून प्रतिस्पर्ध्याच्या पद्धतीचे यंत्र विकले. उलट जपानच्या मात्सुशिताचा सारा कारभार मुख्य कार्यालयाच्या हाती एकवटलेला होता. त्यामुळे माल स्वस्त व उत्तम निघे, परंतु परदेशातील शाखांना स्वतःची बुद्धी चालविण्यास वाव उरत नसे. दोन्ही टोकांत बळ होते आणि दोन्ही टोकांत उणीवही होती. मूळ सूत्र एक असावे, शाखांना त्यांच्या मातीप्रमाणे वाढू द्यावे, आणि एका शाखेने शिकलेले ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचावे, असा मार्ग या दोघा संशोधकांनी दाखविला. मात्र केवळ अधिकारांचा तक्ता बदलून हे साधत नाही. त्यासाठी माणसांची मने जुळावी लागतात, असे त्यांचे आग्रहाचे म्हणणे होते.

याच मनांच्या शोधात घोषाल पुढे वळले. त्यांचा एक दृष्टांत प्रसिद्ध आहे. ऐन उन्हाळ्यात कलकत्त्यास घरी गेले, की दमट उकाड्याने अंग गळून जाई आणि दिवस अंथरुणावर लोळण्यात जात. तोच मनुष्य वसंत ऋतूत फाँतेनब्लोच्या अरण्यात शिरला, की त्याला धावावेसे, उडी मारून फांदी पकडावीशी वाटे. मनुष्य तोच, हवा निराळी! बहुतेक संस्था आपल्या माणसांभोवती कलकत्त्याचा उन्हाळा निर्माण करतात आणि मग त्यांना आळशी म्हणून दोष देतात, असे ते सांगत. बंधन, आज्ञापालन, नियंत्रण व करार यांच्या जागी ध्येयाची ओढ, स्वयंशिस्त, आधार व विश्वास यावा, हा त्यांचा उपदेश होता.

1996 साली पीटर मोरान यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी अर्थशास्त्रातील एका वजनदार सिद्धांतालाच आव्हान दिले. माणूस संधी मिळताच लबाडी करील असे गृहीत धरून पहारे बसविले, तर प्रामाणिक माणसाचे मनही विटते. तो पहाऱ्यापुरतेच काम करू लागतो. मग संशय खरा ठरला असे वाटून पहारा आणखी वाढतो. 1998 साली जनीन नहापिएत यांच्यासह त्यांनी याची दुसरी बाजू मांडली : परस्परांचे संबंध, विश्वास आणि समान भाषा व स्मृती हेही भांडवलच आहे, आणि त्यातूनच नवे ज्ञान उपजते.

मायदेशाशी त्यांचे नाते तुटले नाही. भारतीय उद्योगांच्या अभ्यासातून 2000 साली गीता पिरामल व बार्टलेट यांच्यासह त्यांनी ग्रंथ लिहिला. 2001 साली सुरू झालेल्या हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या उभारणीतही त्यांचा हात होता. 3 मार्च 2004 रोजी लंडन येथे अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात त्यांनी स्वतःच्याच व्यवसायावर ठपका ठेवला होता. स्वार्थ हेच मनुष्याचे सार, असे वर्गात वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या अध्यापकांनी एन्रॉनसारख्या घोटाळ्यांबद्दल हात झटकू नयेत, असा त्याचा आशय आहे. आपल्याच पंगतीतील लोकांना असे खडे बोल ऐकविण्यास धैर्य लागते.

महाजन संस्थांना या विचारात पुष्कळ घेण्याजोगे आहे. हिशेब चोख हवाच. घोषाल यांनी विश्वासाशेजारी शिस्त ठेवली होती, हे विसरता कामा नये. परंतु जत्रेला दुरून येणाऱ्या तरुण कुळाव्याच्या हाती केवळ पावती दिली, तर तो वर्गणीदार होतो; त्याच्यावर एखादे काम विश्वासाने सोपविले, तर तो घरचा होतो. पुढची पिढी पालखीला खांदा देण्यास येईल की नाही, हे सभामंडपातील हवा कशी आहे, यावर अवलंबून राहील. ती हवा निर्मळ राखण्याची बुद्धी श्रीदेव सर्वांस देवो.