घाबरट सशाला घर कसं मानवतं

मागच्या महिन्यात बोलता बोलता सांगून गेलो की माझ्याकडे एक ससा आहे, आणि त्यानंतर व्हॉइस नोट्स सुरू झाल्या. न्हावऱ्याहून एक, केडगावहून एक, दौंड शहरातून दोन, आमच्या शिरूरमधूनही एक. प्रश्न थोड्याफार फरकाने सारखाच. पिल्लू नाही, चांगला मोठा ससा घरी आलाय. कोपऱ्यात बसून राहतो. हात नेला की एक तर दगड होतो, नाहीतर पळतो. एका ताईने विचारलं, "दादा, शेतात सोडून देऊ का? तिकडे तरी सुखाने राहील." या ताईला आधी उत्तर देतो, बाकीचं नंतर.

ताई, सोडू नका. आपल्या माळावर, उसाच्या बांधावर जो करडा-तपकिरी ससा दिसतो ना, तो आणि तुमच्या घरातला पांढरा ससा हे वेगळे प्राणी आहेत. नुसता रंगाचा फरक नाही. माळावरचा ससा बीळ करत नाही, गवतात खळगा करून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे ठेवून आणि अंगावर केस घेऊन येतात. घरातला पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या सशाच्या वंशातला. तो बिळात राहणारा, त्याची पिल्लं आंधळी आणि बिनकेसांची जन्मतात. पिंजऱ्यात वाढलेल्या अशा सशाला शिरूर-दौंडच्या रानात सोडलं तर पांढरं अंग लांबूनच दिसतं. कुत्री, मुंगूस, रानमांजर, घारी आहेतच, आणि उसात बिबट्या आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. एक रात्रही काढणं अवघड. शिवाय पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही.

याच्या उलटही सांगून ठेवतो. ऊस तोडताना, गवत कापताना माळावरच्या सशाचं पिल्लू सापडलं तर घरी आणू नका. आई मेलेली नसते. ती दिवसभर लांब राहते आणि अंधार पडला की दूध पाजायला येते. पिल्लू बांधाच्या आडोशाला ठेवा आणि बाजूला व्हा. हा ससा 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, पाळता येत नाही. जखमी असेल तर वनविभागाचा 1926 हा नंबर आहे.

हं, आता घरातल्या सशाकडे येऊ.

माझी पिठी दौंड तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या शेडमधली. न्यूझीलंड व्हाइट जातीची मादी, पिठासारखी पांढरी, म्हणून पिठी. त्यांनी ससेपालन बंद केलं तेव्हा दोन माद्या उरल्या. एक दौंडला मावशीने नेली, एक मी शिरूरला आणली. पिठी तेव्हा दोन वर्षांची होती आणि दोन वर्षं ती जाळीच्या पिंजऱ्यात, जाळीवरच उभी होती. जमीन अशी तिने पाहिलीच नव्हती. तिला माणूस कशासाठी माहीत? तर पिंजरा उघडतो, कान धरून उचलतो आणि शेजारच्या पिंजऱ्यातला ससा घेऊन जातो तो. मग तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा?

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ससा शिकार होणारा प्राणी आहे. कुत्रा घाबरला की भुंकतो, मांजर फिस्कारते. ससा घाबरला की गप्प बसतो. त्यामुळे घरात आल्यावर चार दिवस अजिबात हलत नाही आणि आपण म्हणतो, "किती शांत आहे, किती गुणी आहे." अहो, गुणी कसला, जीव मुठीत धरून बसलाय तो. कान पाठीला चिकटलेले, डोळे बटबटीत, अंग जमिनीला दाबलेलं, ही भीती. मागचा पाय धाडकन आपटला तर तो धोक्याचा इशारा. निवांत ससा ओळखायचा तर तो पाय पसरून लोळतो, कधी एकदम कुशीवर कोसळल्यासारखा पडतो (पहिल्यांदा बघताना आपलंच काळीज थांबतं), सामानाला हनुवटी घासतो म्हणजे "हे माझं", आणि खूश असला की हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो.

म्हणून ते रील्स. ससा उताणा धरलाय, तो हलत नाही, वर गाणं आणि "बेबी झोपलं". तो झोपलेला नसतो. उताणा केला की ससा भीतीने थिजतो, मेल्यासारखा होतो. तुमच्या सशाबरोबर हे करू नका. बेसिनमध्ये अंघोळ घालायचे रील्सही तसेच. सशाला अंघोळ लागत नाही, तो स्वतःला चाटून साफ ठेवतो.

सुरुवात जागेपासून करा. पिंजरा असला तरी दार दिवसाचे बरेच तास उघडं हवं, आणि बाहेर घराचा एक कोपरा त्याचा. तीन बाजू बंद, माणसांची ये-जा कमी, टीव्हीच्या शेजारी नको. एक पुठ्ठ्याचा खोका घ्या आणि त्याला दोन बाजूंनी दारं कापा. दोन का, तर एकाच दाराचा खोका म्हणजे सशाच्या हिशेबाने सापळा. आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना, पाहुण्यांच्या पोरांनाही: खोक्यात असेल तेव्हा हात घालायचा नाही. कितीही गोंडस दिसला तरी नाही. त्याला एक तरी जागा अशी हवी की जिथे आपण येतच नाही.

दुसरं म्हणजे फरशी. आपल्या घरी गुळगुळीत टाइल्स, आणि सशाच्या पायाला मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तो घसरतो. एकदा घसरला की पुढे यायचं नावच घेत नाही, आणि आपल्याला वाटतं आपल्याला घाबरला. पिठी आठवडाभर खोक्याच्या दारात उभी राहून परत फिरायची. मी गोणपाटं अंथरली, वर जुनी सतरंजी टाकली, त्याच रात्री ती बाहेर आली. जाळीवर राहिलेल्या सशाचे तळपायही बघून घ्या, केस जाऊन लाल जखमा झालेल्या असतात. त्यांनाही मऊ अंथरूण लागतं.

मग तुमचं काम काय? जमिनीवर बसा. बस्स. माझी रांजणगावला शिफ्ट असते, मी घरी आलो की अर्धा तास भिंतीला टेकून, सशाकडे पाठ नाहीतर कूस करून बसायचो. मोबाइल बघायचा, हळू आवाजात काहीतरी बोलायचं. त्याच्याकडे टक लावायची नाही, कारण टक लावून बघतो तो शिकारी. ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, दुपारी त्याला उठवून मैत्री होत नाही. पिठीने माझ्यासमोर पहिलं पान खाल्लं नवव्या दिवशी. हाताला लागू द्यायला सहा आठवडे लागले. मावशीच्या सशाने तिसऱ्याच दिवशी तिच्या पदराला हुंगलं, तेव्हा मला जरा रागच आला होता, खरं सांगतो.

मावशीचं घर दौंडला रेल्वेलाइनच्या जवळ. मला वाटलं होतं गाड्यांच्या आवाजाने तो ससा वेडा होईल. पण गाडीचं काही नाही. ती रोज जाते, ठरल्यासारखी जाते, तिच्या आवाजानंतर वाईट काही होत नाही, हे त्याला कळलं. त्याला घाम फोडला कुकरच्या शिट्टीने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चुरचुर आवाजाने, कारण ते कधीही अचानक येतात. मावशी आता कुकर लावण्याआधी त्याला हाक मारते आणि कोथिंबिरीची काडी देते. काडी बघून तोच खोक्यात जाऊन बसतो, शिट्टी होईपर्यंत. ही कल्पना तिचीच, मी नुसती चोरतोय.

हात कसा न्यायचा तेही ऐका. सशाला जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, पण नाकासमोर आणि हनुवटीखाली दिसत नाही. आपण प्रेमाने नाकापुढे हात धरतो आणि तो दचकतो. हात बाजूने, त्याला दिसेल असा, सावकाश कपाळाकडे न्या. कपाळ आणि गाल, बहुतेकांना तेवढंच आवडतं. पाठ थोपटू नका. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांची नजर आणखी कमजोर असते, ते डोकं डावी-उजवीकडे झुलवून अंदाज घेतात. तो आजार नाही.

आणि उचलणं. वरून हात आला म्हणजे सशासाठी घार आली. तो मागच्या पायांनी जोरात लाथ मारतो, आणि त्याच झटक्यात त्याचा कणा मोडू शकतो. सशाची हाडं हलकी, मांड्या ताकदवान. कान धरून तर कधीच नाही, शेडवर कुणीही काहीही करत असो. डॉक्टरकडे न्यायचं असेल तर टोपलीत किंवा खोक्यात त्याला आपण होऊन जायची सवय रोजच्या खाण्यातून लावा. पिठीला आजही उचललेलं आवडत नाही, आणि मी उचलत नाही.

आता खाणं, कारण खरा धोका इथे आहे. मोठ्या सशाच्या खाण्यात बहुतांश वाळलेलं गवत हवं. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. आपल्याकडे दुधाचा धंदा मोठा, त्यामुळे घास सगळीकडे मिळतो आणि लोक सशाला घासच टाकतात. घासात कॅल्शियम जास्त, मोठ्या सशाला तो चवीपुरता. हरळी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना चालतो. बांधावरचं गवत तणनाशक मारलेलं नाही याची खात्री असेल तरच. कांदा, लसूण, बिस्किट, पाव, आणि दौंडकरांनो, गुऱ्हाळावरचा ताजा गूळ, यातलं काहीही नको. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो ते बघून शी करू नका, ती त्याच्या पचनाची दुसरी फेरी आहे.

टणक लेंड्या मात्र रोज मोजा. चेष्टा करत नाहीये. घाबरलेल्या सशाचं पोट बंद पडतं, आणि पोट बंद पडलं की तो मरतो, तेही गपचूप. गेल्या एप्रिलमध्ये दिवसभर लाइट नव्हती, संध्याकाळी ट्रेमध्ये नेहमीच्या निम्म्याही लेंड्या नव्हत्या, आणि होत्या त्या बारीक. पिठी कोथिंबिरीकडे बघेना, पाठ वर काढून बसलेली, करकर दात खात होती. हळू, मंद दात वाजवणं सुखाचं असतं, हे करकरणं वेदनेचं. सशांचे डॉक्टर कोण, हे मी आधीच विचारून नंबर ठेवला होता, म्हणून रात्रीच निघालो. सलाइन दिलं, वेदना कमी करायचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चार लेंड्या पडल्या. मी मावशीला त्यांचा फोटो पाठवला.

तर, दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, की सकाळची वाट बघू नका. नंबर आजच शोधा. फोन करून "ससा बघता का?" असं सरळ विचारा, कारण गाई-म्हशींचा हात बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला सशाचा अनुभव असतोच असं नाही. स्वतःच्या मनाने औषध नको. अमॉक्सिसिलिन तोंडातून दिलं तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मरून तो दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांवर मारतात तो फिप्रोनिलचा स्प्रेही सशाला घातक.

उन्हाळ्याचं थोडक्यात. आपला मे चाळिशी गाठतो आणि सशाला तिशीच्या पुढेच जड जातं. त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर टाकतो. पत्र्याखाली ठेवू नका. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, लाइट गेली तर कान ओल्या हाताने पुसा. पाणी पसरट, जड भांड्यात.

शेवटचा प्रश्न केडगावच्या भावाचा, "एकटा आहे म्हणून घाबरतो का, दुसरा आणू का?" सोबत सशाला हवी असते, हे खरं. पण दोन अनोळखी मोठे ससे एकदम एकत्र सोडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात, आणि नर-मादी असतील तर 31 दिवसांत पिल्लं. आधी याचं पोट आणि मन स्थिर होऊ द्या, नसबंदीचं डॉक्टरशी बोला, मग जाळीच्या दोन बाजूंना ठेवून ओळख करा. त्याला महिना लागेल, दोन लागतील.

त्या ताईंचा काल मेसेज आलाय. ससा अजून घरातच आहे, खोक्याला दुसरं दार कापलंय. व्हॉइस नोट्स पाठवत राहा, भेटू पुढच्या भागात.