दमा बळावतो तेव्हां

दमा जुना झाला म्हणजे माणूस त्यास सरावतो, आणि तेथेंच घात होतो. पावसाळ्याच्या तोंडीं किंवा दिवाळीच्या धुरांत दमा बळावतो, तो पुष्कळदां एकाएकीं नव्हे. रात्रीचा खोकला, जिना चढतांना लागणारी धाप, अशी त्याची चाहूल दोन-तीन दिवस आधीं लागलेली असते. श्वासनलिकांचें अस्तर सुजतें, भोंवतालचे स्नायु आवळतात, कफ दाटतो. नेमक्या याच वेळीं कित्येक सुशिक्षित गृहस्थ, ‘पंपाची संवय लागेल’ या भीतीनें, तो कपाटांत ठेवून देतात! ही भीति निराधार आहे. सूज उतरविणाऱ्या पंपांतील स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्यें मोजतात. तो घेतल्यावर चूळ भरावी, आणि बरें वाटलें तरी डॉक्टरांस विचारल्यावांचून सोडूं नये. सॅल्ब्युटॅमॉलचा पंप निराळा. तो आवळलेले स्नायु सैल करतो, सूज उतरवीत नाहीं. म्हणून तो वारंवार लागूं लागला, तर डॉक्टरांस त्वरित भेटावें.

धाप लागली असतां उताणें निजूं नये. ताठ बसून, किंचित् पुढें वांकून, हात मेजावर टेकावे. पण पाहुण्यांसाठीं फोडणीच्या ठसक्यांत उभ्या असलेल्या गृहिणीस बसावयास सांगणार कोण? अशा वेळीं चुलीपाशीं इतरांनीं जावें, आणि तिनें तें निमूटपणें जाऊं द्यावें. हें दुसरें अधिक कठीण, असा माझा समज आहे.

एक वाक्य एका दमांत पुरें होईना, किंवा ओठ निळसर दिसूं लागले, तर पंप देत देत रुग्णालय गाठावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून उपलब्ध आहे.