उंबरठ्यावर अडलेलं पाऊल

पार्किन्सन झालेले आजोबा स्वयंपाकघराच्या दारापाशी येतात आणि तिथंच थबकतात. पाय जणू फरशीला चिकटलेत. मागून कुणीतरी म्हणतं, "अहो, चला ना!" त्यानं काम आणखीच बिघडतं. तेच आजोबा जिना मात्र एकेक पायरी करत सरळ चढून जातात. घरच्यांना वाटतं, सोंग करताहेत. सोंग नसतं ते.

एरवी आपण पाऊल मोजून टाकत नाही. मेंदूत खोलवर असलेली बेसल गँग्लिया नावाची केंद्रं ते सांभाळतात. ती हालचालींवर ब्रेक दाबून ठेवतात आणि हवी तेवढीच हालचाल मोकळी सोडतात. ब्रेक सैल करायला डोपामिन नावाचं रसायन लागतं. ते पुरवणाऱ्या काळसर पेशी या आजारात हळूहळू मरत जातात. मग हात जड होतो, सदऱ्याचं बटण लावता लावता चहा निवतो, सही बारीक होत जाते.

मग जिना कसा जमतो? पायरी डोळ्यांना दिसते आणि मेंदू दुसऱ्या वाटेनं, लक्ष देऊन पाऊल उचलतो. म्हणून तर फरशीवर पावलापावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावतात, किंवा 'एक-दोन, एक-दोन' असा ठेका धरतात.

औषधातल्या लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं. आपल्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. पण घरी बिया कुटत बसू नका, मात्रा डॉक्टरच ठरवतील.

आणि पाय अडलाच, तर हात धरून ओढू नका. क्षणभर थांबू द्या. जमिनीवरची एखादी रेघ दाखवा आणि म्हणा, "आजोबा, ही ओलांडा."