पाळत कोणावर, सही कोणाची



आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्यातले कितीतरी जण वाळवा, तासगाव, कडेगावकडचे आहेत, तितकेच कराड, पाटण, खटाव, माणकडचे. आज आपण सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणतो. मी ज्या काळापासून सुरुवात करणार आहे त्या काळी, मधली संस्थानं सोडली, तर हा सगळा मुलूख एकच सातारा जिल्हा होता.

मी वकील आहे, म्हणून कायद्याचा एक प्रश्न घेऊन आलो आहे. सरकारने माणसावर पाळत ठेवायची असेल, तर परवानगी कोणी द्यायची? न्यायाधीशाने, की सरकारनेच स्वतःला? या प्रश्नावर लोकांना विचारलं की बहुतेक जण म्हणतात, 'आपण काही वावगं केलेलं नाही, मग बघू देत की.' हे वाक्य प्रामाणिक असतं. पण ते कोण म्हणतं आणि कोण म्हणू शकत नाही, ते आपल्याच गावांच्या इतिहासात स्पष्ट दिसतं.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आला. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचं नाव छापायचं, मग तिच्यातल्या माणसांची नावं नोंदवहीत चढायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागायची, आणि परगावी जायचं तर आधी कळवावं लागायचं. गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. रामोशी हे पिढ्यान्पिढ्या गावाचे राखणदार. गावासाठी रात्रीची गस्त घालणाऱ्या माणसालाच सरकारने हजेरीच्या रांगेत उभं केलं. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ च्या 'फकिरा'त मांग समाजाच्या वाट्याला आलेला हा हजेरीचा जाच लिहिला आहे. ज्यांनी ती कादंबरी परीक्षेपुरती वाचली असेल त्यांनी ती आता पुन्हा वाचावी.

त्या कायद्यातलं एक कलम मला सगळ्यांत भयंकर वाटतं, आणि ते हजेरीचं नाही. जमातीला गुन्हेगार ठरवणारी अधिसूचना निघाली, की तिच्या वैधतेबद्दल कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारायचा नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे पाळत ठेवणारं सरकार, कारण ठरवणारं सरकार, आणि ते कारण बरोबर आहे असं सांगणारंही सरकारच. हा कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती.

ऐंशी वर्षं तो टिकला कसा? नुसत्या बंदुकीच्या जोरावर नाही. ज्यांना हजेरी नव्हती त्यांना तो सोयीचा वाटत होता. गावात चोरी झाली की कुठल्या वस्तीकडे जायचं हे ठरलेलं होतं, आणि बाकीचं गाव निवांत झोपत होतं. त्या काळी जनमताची पाहणी केली असती, तर हजेरीला भरघोस पाठिंबा मिळाला असता, याबद्दल मला शंका नाही. रांगेतल्या माणसाला मात्र कोणी विचारायला गेलं नसतं.

आता १९४२ कडे या. सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं गेली. पुढची जवळजवळ चार वर्षं क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर आणि त्यांच्या साथीदारांचं प्रतिसरकार या मुलखात चाललं. ते चाललं, कारण सरकारला बातमी मिळत नव्हती. पोलीस होते, खबरे होते, इनामं लावलेली होती. पण कोण कुठे जेवलं, कोणाच्या शेतात झोपलं, चिठ्ठी कोणी नेली, हे हजारो घरांना माहीत असूनही चावडीपर्यंत पोहोचत नव्हतं. सरकारच्या लेखी ही सगळी माणसं फरारी गुन्हेगार होती. आज त्यांच्या पुतळ्यांना आपण हार घालतो.

यशवंतराव चव्हाण त्या वेळी भूमिगत होते. ते सापडत नाहीत म्हणून घरच्यांना त्रास दिला गेला. लग्नाला वर्षही झालं नसताना वेणूताईंना अटक झाली. वसंतदादा पाटलांनी २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडला, आणि पाठलागात त्यांना गोळी लागली. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. वसंतदादा या राज्याचे मुख्यमंत्री झाले. यशवंतराव १९६६ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले, म्हणजे ज्यांच्या मागावर गुप्त पोलीस होते त्यांच्याच हाती गुप्त पोलिसांचं खातं आलं. एका माणसाच्या एकाच आयुष्यात खुर्ची इतकी फिरू शकते. म्हणून पाळतीचा नियम करताना आज खुर्चीत कोण आहे हे बघून तो करता येत नाही. उद्या तिथे कोण बसेल, आणि खाली कोण उभं असेल, हे आपल्याला ठाऊक नसतं.

लोकांचं मत मात्र खुर्चीकडे बघूनच बदलतं. अमेरिकेतलं एक उदाहरण बोलकं आहे. तिथे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सरकार वॉरंटशिवाय फोन ऐकत होतं, हे २००५ च्या अखेरीस उघड झालं. जानेवारी २००६ च्या पाहणीत हे मान्य असल्याचं रिपब्लिकन मतदारांपैकी ७५ टक्क्यांनी सांगितलं, तर डेमोक्रॅट मतदारांपैकी फक्त ३७ टक्क्यांनी. तेव्हा अध्यक्ष बुश होते. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी सरकार गोळा करतं हे बाहेर आणलं, तेव्हा अध्यक्ष ओबामा होते. आता डेमोक्रॅट ६४ टक्के मान्य म्हणाले आणि रिपब्लिकन ५२ टक्के. प्रश्नाचे शब्द थोडे वेगळे होते, पण कल कसा उलटला बघा. आपण अमेरिकेला हसू नये. आपल्याकडेही विरोधी पक्षात असताना फोन टॅपिंगवर सभागृह डोक्यावर घेणारे सत्तेत आले की गप्प होतात.

आपला कायदा काय सांगतो? १८८५ च्या तार कायद्यात फोन ऐकायला दोनच कारणं होती, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता. तोच गाभा २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आला आहे. १९९६ मध्ये पीयूसीएल या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले: आदेश गृहसचिवाचा हवा, त्याला मुदत हवी, आणि आढावा समितीने तो तपासावा. परंतु न्यायाधीशाची परवानगी त्यातही नाही. गृहसचिव सरकारचा, समितीतले सचिवही सरकारचेच. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलं, की या आढावा समितीपुढे एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासण्याचं अशक्य काम असतं. पंधरा हजार कागद एका बैठकीत कोण वाचणार? मी आयुष्यभर कोर्टात कागद वाचले आहेत. न वाचता केलेली सही मला त्या कागदावरून ओळखता येते.

न्यायाधीशापर्यंत गोष्ट पोहोचली की काय होतं तेही सांगतो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले, कारण लाच हा गुन्हा असला तरी त्यात सार्वजनिक आणीबाणीही नव्हती आणि सार्वजनिक सुरक्षितताही धोक्यात नव्हती. आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं, की मागास समाजात जन्मला एवढ्यावरून निरपराध माणसाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदीत, चढवू नका. गुन्हेगार जमाती कायदा जाऊन बहात्तर वर्षं झाली होती, तरी वही बंद झालेली नव्हती. पारध्यांच्या पालावर वाढलेला कोणी आज या सभागृहात पदवी घेत असेल, तर त्याला हे मी सांगण्याची गरज नाही.

इथे बसलेल्या आयांच्या मनात काय आहे ते मला कळतं. एसटी स्टँडपासून कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर कॅमेरा लागला तेव्हा तुम्हाला बरं वाटलं, आणि ते योग्यच होतं. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरणारा कॅमेऱ्यात सापडावा, वृद्धांना फोनवर फसवून आयुष्यभराची ठेव लुबाडणारा सापडावा, असं मलाही वाटतं. पोलिसांचे हात बांधा असं मी म्हणत नाही. संशय असेल तर त्यांनी तो कागदावर लिहावा, सरकारबाहेरच्या माणसाला दाखवावा, आणि मग बघावं. घाई असेल तर आधी बघावं आणि ठरलेल्या तासांत न्यायाधीशापुढे जावं. चांगल्या फौजदाराला याची अडचण होत नाही. पण कॅमेऱ्याबद्दल सगळ्यांना सारखंच वाटत नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांच्या २०२३ च्या पोलीस अहवालात दिसलं: सीसीटीव्हीला एकूण पाठिंबा मोठा, पण श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्ये कमी. पोलीस आपल्यासाठी येतात की आपल्यावर येतात, यावर हे मत ठरतं.

तुम्ही नुसते पाळतीखालचे नागरिक असणार नाही. तुमच्यातले किती जण एमपीएससीची तयारी करत आहेत मला माहीत आहे. कोणी फौजदार व्हाल, कोणी तहसीलदार, कोणी पुण्यात सॉफ्टवेअर लिहाल, कोणी बँकेत, कोणी मोबाईल कंपनीत. दुसऱ्याच्या आयुष्याची नोंद तुमच्या स्क्रीनवर असेल. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला त्याच्या याद्या, विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडलं होतं. अशी यादी कुठल्या तरी सरकारी किंवा कंपनीच्या लॉगिनमधूनच बाहेर पडते. एखादा मित्र म्हणेल, 'बहिणीच्या स्थळाची चौकशी करायची आहे, जरा नंबर काढून दे.' साहेब म्हणतील, 'आदेश मागाहून येईल, आधी काढ.' मित्राला सरळ नाही म्हणा. साहेबांकडे लेखी मागा, आणि त्यांनी दिलं नाही तर त्यांनी तोंडी सांगितल्याची नोंद तारीख-वेळेसह स्वतः लिहून ठेवा. प्रणाली बनवणाऱ्यांनी एवढं करा, की कोणी, कधी, कोणाची माहिती उघडली हे पुसता येणार नाही अशा ठिकाणी लिहिलं जाईल. हे तांत्रिक काम आहे आणि ते तुम्हाला येतं.

आणि एक काम लगेच करता येण्यासारखं आहे. तुमच्या गावातही कॅमेरे बसले असतील, लोकवर्गणीतून किंवा ग्रामनिधीतून. येत्या ग्रामसभेला जा आणि सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना चार गोष्टी विचारा. चित्रीकरण किती दिवस ठेवलं जातं? ते कोण बघू शकतं? कोणाला दिलं त्याची नोंदवही आहे का? आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या वस्तीकडे आहे? शेवटचा प्रश्न विचारण्याआधी स्वतः त्या वस्तीत जाऊन या, तिथल्या लोकांशी बोला, आणि त्यांनाही ग्रामसभेला बरोबर घेऊन जा. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मिळाली नाहीत तर दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका.