सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण?

(अभ्यासवर्गातील भाषण)



आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद चहाच्या दुकानापासून वृत्तपत्रांपर्यंत अखंड चालू असतो. शतके, बळी, पदके मोजली जातात आणि ज्याची बेरीज मोठी तो श्रेष्ठ, असा निवाडा होतो. आकड्यांना मी कमी लेखत नाही. परंतु ते जमविण्याची संधी कोणाला मिळाली आणि कोणाला नाकारली गेली, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही. समतेचा विचार मानणाऱ्यांनी तो विचारला पाहिजे.

बाळू पालवणकरांचे उदाहरण घ्या. चर्मकार समाजात जन्मलेला हा तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना 4 रुपयांवर राबत होता. खेळपट्टी झाडायची, रोळ फिरवायचा आणि सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हाती दिली जात नसे. फलंदाजी हा साहेबाचा मान होता, गोलंदाजी ही नोकराची मजुरी. त्या मजुरीतूनच बाळूंनी डावखुरी फिरकी अशी कमावली की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घेणे भाग पडले. मैदानावर सहकारी त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. म्हणजे चेंडूला विटाळ होत नव्हता, कपाला होत होता!

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, त्या संघात बाळू होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हे बळी कोणाच्या दयेने मिळालेले नाहीत. खेळपट्टी सर्वांना सारखीच, 22 यार्डांची असते. म्हणून त्यांच्या श्रेष्ठत्वाची पहिली कसोटी खेळाचीच आहे आणि तीत ते निर्विवाद उतरतात.

तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच देण्यात आले नाही. 1920 साली त्यांना संघातून वगळण्यात आले आणि धाकट्या भावांचीही ज्येष्ठता डावलली गेली. तेव्हा विठ्ठल व शिवराम या भावांनी जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. अखेर बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करावे लागले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्याला जे नाकारले गेले ते धाकट्याला मिळाले, ते वरिष्ठांच्या औदार्याने नव्हे. गुणवत्तेच्या जोडीला निर्धार उभा राहिला म्हणून.

बाळूंचे राजकारण सर्वांना पटेल असे नाही. 1937 साली ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. त्याविषयी मतभेद अवश्य असावेत; त्यामुळे त्यांचे खेळातील कर्तृत्व उणावत नाही.

माझ्या मते कौशल्य, ते गाठण्यासाठी तोडावे लागलेले अंतर आणि मागून येणाऱ्यांसाठी मोकळी झालेली वाट, या तिन्हींचा एकत्र हिशेब मांडल्याशिवाय सर्वश्रेष्ठत्वाचा निर्णय होऊ शकत नाही. आणि एक गोष्ट विसरू नये. क्लबात झाडलोटीचे काम मिळाले म्हणून बाळूंच्या हाती चेंडू आला. ज्यांच्या हाती तो कधी आलाच नाही, त्यांची नोंद कोणत्याही विक्रमपुस्तकात नाही. आपापल्या तालुक्यात मैदान कोणासाठी खुले आहे आणि कोणासाठी बंद, याची पाहणी कार्यकर्त्यांनी करावी. सर्वश्रेष्ठ खेळाडूची चर्चा तेथून सुरू झाली पाहिजे.