आधी दोरी, मग तार
(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून आपण कापसाच्या भावावर बोललो, कर्जावर बोललो. आता थोडे घरी जाऊ. आम्हाला घराच्या कुंपणाबद्दल बोलायचे आहे. मागे बसलेले काही भाऊ हसले. जिल्ह्याच्या बैठकीत कुंपण कशाला? पण गावठाणात जागा पुरेना म्हणून तुमच्यातले कितीतरी जण शेतावर राहायला गेले. कोणी गावालगत चार-पाच गुंठे घेऊन घर बांधले. घर झाले की पहिला खर्च कुंपणाचा, आणि शेजाऱ्याशी पहिले भांडणही कुंपणाचेच.

आमच्या माहितीतले दोन चुलतभाऊ आहेत. दोघेही आपलेच, आंदोलनाला एका गाडीतून आलेले. एक जण लग्नाला परगावी गेला असताना दुसऱ्याने तार ओढून घेतली. हातभर जागेचा प्रश्न. त्या पट्टीवर पऱ्हाटीची एक ओळही नीट आली नसती. दावा आठ वर्षे चालला. एकाची बैलजोडी गेली, दुसऱ्याने शेताचा तुकडा विकला. भाव मिळाला नाही म्हणून आपण सरकारशी भांडतो, ते बरोबरच आहे. पण हे नुकसान सरकारने केले नव्हते.

म्हणून तारेच्या दुकानात जाण्याआधी हद्द ठरवा. शेतात घर असेल तर गटाची मोजणी करून घ्या. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, फी भरायची. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, त्यांच्यासमोर खुणा होतात, आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती ट्रंकेत जपून ठेवा. गावठाणातल्या घराचे वेगळे आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा कागद, अशी पुष्कळांची समजूत आहे. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देतात. मोजणीआधी हद्दीवर चुन्याच्या रेघा मारतात. त्या वेळी घरात कोणीतरी हजर असलेच पाहिजे. कुंपण चुकीच्या जागी असेल, तर रेघ त्याच्याच कडेने जाण्याची भीती असते. मागाहून हरकती घेत फिरण्यापेक्षा त्या दिवशी एक रोज बुडालेला परवडला.

‘आपलाच माणूस आहे, असू दे’ असेही करू नका. हक्क सांगून, उघडपणे, सलग 12 वर्षे ताबा ठेवला तर ती जागा परत मागण्याचा दावा मुदतबाह्य होऊ शकतो. जागा वापरू द्यायची तर जरूर द्या, पण दोन ओळी लिहून, दोघांच्या सह्या घेऊन द्या. उलट बाजूही सांगितली पाहिजे. तुमच्या कुंपणाने कोणाची वहिवाटीची वाट अडली, तर मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार ते काढायला लावू शकतो. तार गेली, मजुरीही गेली.

आता खर्चाचा हिशेब. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. पाच गुंठे झाले 5445. ही जागा चौकोनी असेल तर एक बाजू सुमारे 74 फूट आणि घेर सुमारे 296 फूट. तीच पाच गुंठे लांबट पट्टीत, 33 बाय 165 असेल, तर घेर 396 फूट. जागा तेवढीच, कुंपण शंभर फूट जास्त. दहा फुटांवर एक खांब धरला तर पहिल्याला 30 खांब, दुसऱ्याला 40. पाच पदरी तार धरली तर पहिल्याला सुमारे 450 मीटर, दुसऱ्याला 600 च्या वर. तेव्हा नवीन जागा घेताना पट्टीपेक्षा चौकोन बघा. काटेरी तार किलोवर मिळते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 14 गेजची तार किलोमागे लांब भरते, पण 12 गेजपेक्षा लवकर गंजून तुटते. दुकानदार स्वस्त म्हणाला की आधी गेज विचारा. आणि बिल रुपयात वाचू नका, किती क्विंटल कापूस गेला ते मोजा. मग पाचवा पदर खरोखर लागतो का, हे आपोआप सुचते.

खांबांच्या बाबतीत आम्ही स्वतः फसलो आहोत. शेतीची पदवी घेतलेली, काळ्या मातीवर परीक्षेत पाने भरून लिहिलेले. तरी स्वतःच्या वस्तीवर दीड फुटाचे खड्डे घेतले आणि निघालेली काळी मातीच परत खांबाभोवती ठोकली. तिसऱ्या उन्हाळ्यात खांब दारुड्यासारखे झुकले. भारी काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी खांब हलवत राहते. सात फुटी खांब निदान दोन फूट आत हवा. जवळ मुरूम लागत असेल तर खड्डा तिथपर्यंत न्या. लागत नसेल तर खड्डा रुंद घ्या आणि दगड-मुरूम ठोकून भरा. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब याहून खोल हवेत आणि त्यांना आतून तिरके टेकू द्या. तारेचा सगळा ताण त्यांच्यावरच येतो. खोदकाम दिवाळीनंतर करा. तेव्हा माती ओलसर असते, चिखल नसतो आणि दगडासारखी वाळलेलीही नसते.

तारेला पैसे नाहीत म्हणून घराभोवती पऱ्हाट्या रचणारे पुष्कळ आहेत. आपले वाडवडील तेच करत. पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले, ते तुम्ही बघितले आहे. पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या, न उमललेल्या बोंडांत ही अळी सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन शेजारच्याच कापसावर येते. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण एकाधिकार कापूस खरेदीला लावत होतो. 1972 साली ती आली तेव्हा शेतकऱ्याच्या रक्षणासाठीच आली होती ना! पण पऱ्हाटीच्या कुंपणाला ही म्हण अक्षरशः लागू पडते. त्यापेक्षा तुराट्या किंवा बोराट्या वापरा. कडब्याची गंजी मात्र त्यांना टेकवून लावू नका, एका ठिणगीत दोन्ही जातील. पऱ्हाटीचे जागेवरच बारीक तुकडे करून कंपोस्ट करा.

फाटक कुठे ठेवायचे, हे पुरुषांनी एकट्याने ठरवू नये. पाणी आणायला, गोठ्याकडे, संडासकडे दिवसातून वीस वेळा कोण जाते? मायबहिणींनी चालून दाखवावे, तिथे लहान दार ठेवावे. मोठे फाटक बारा फुटांचे ठेवा. आज बैलगाडी असेल, पण उद्या ट्रॉली आणि मळणीयंत्र आत यावे लागेल. पावसाचे पाणी जिथून वाहते तिथे खालचा पदर वर घ्या, नाहीतर काडीकचरा अडकून पाणी घरात शिरेल.

आणि रानडुकराच्या धाकाने कुंपणाला घरातली वीज जोडू नका. त्याने माणसे मेली आहेत, घरची आणि शेजारची. झटका यंत्राची गोष्ट निराळी. त्याचा झटका क्षणभराचा आणि मर्यादित असतो. खांबावरच्या चालू विजेचा तसा नसतो.

ज्यांना घाई नाही त्यांनी सागरगोटा लावावा. बी टणक असते. एका बाजूने दगडावर घासा, रात्रभर पाण्यात भिजत ठेवा आणि पहिल्या चांगल्या पावसावर फूट-फूट अंतराने टोबा. दोन-तीन वर्षे शेळ्यांपासून सांभाळले की त्यातून कुत्रेही शिरत नाही. मात्र ओळ हद्दीच्या दोन हात आत घ्या, कारण ते पसरते. आणि बी टोबण्याआधी शेजाऱ्याला बोलावून दोरीचे दुसरे टोक त्याच्या हातात द्या.